दिवसभर मोबाईलवर काय असतं म्हणताय, सांगते की

काका (वयानं मोठे दिसताय म्हणून काका), तुमची कमेंट काल केएमटीत (आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये) वाचली तेव्हा डोकंच फिरलं, म्हणून लगेच काही लिहिलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की नोकरीवाल्या आया दिवसभर मोबाईलमध्ये, पोरगं आजीच्या गळ्यात, लाईकसाठी त्याचे फोटो टाकायचे आणि वर आयांच्या ग्रुपवर 'वेळच मिळत नाही' म्हणून रडायचं, आणि तुमच्या आईनं पाच पोरं वाढवली तेव्हा कुठला ग्रुप होता.

होता की ओ काका! पेठेतल्या वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडं, बाळ रडायला लागलं की शेजारची हिंगाची वाटी घेऊन यायची, दुसरी 'दे इकडं, तू भाकरी टाक' म्हणायची. त्यांना कुणी अॅडमिन म्हणत नव्हतं एवढंच. मी राहते चौथ्या मजल्यावर, समोरच्या दाराला सकाळी नऊपासून कुलूप कारण तीही दोघं कामाला, आई कुरुंदवाडला, सासूबाई गडहिंग्लजला आणि त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आजीच्या गळ्यात घालायला आजी जवळ पाहिजे ना.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या अकाउंट्सला आहे. मुलगा डिसेंबर 2018 चा. 26 आठवड्यांची रजा संपवून जूनमध्ये कामावर गेले, तर दूध काढायला जागाच नाही. कायद्यानं पाळणाघर 50 माणसांपासून पुढं, आमच्यात सगळी मिळून 38. मग रेकॉर्ड रूम. जुन्या व्हाउचरचे गठ्ठे, धूळ, आणि कडी मोडलेली म्हणून दाराला खुर्ची लावून त्या खुर्चीवर मीच बसायची, एका हातात पंप, दुसऱ्या हातात मोबाईल. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणाले असते, बघा मॅडम मोबाईल घेऊन बसल्यात. त्या मोबाईलवर इचलकरंजीची एक सिस्टर मला सांगत होती की काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवायचं नाही, ऑफिसात फ्रीज नसला तर बर्फाच्या पिशव्या घालून डबा कसा न्यायचा. हे मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं. घरात म्हणत होते, पावडरचं घाल की, काय होतंय.

आणि पावडरचीच वेळ आली ती ऑगस्टमध्ये. 2019 चा पूर तुम्ही बघितलाच असणार. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर. हायवे शिरोलीपाशी बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही, चारी बाजूनं पाणी आणि नळाला थेंब नाही कारण उपसा केंद्रंच पाण्यात गेलेली. मला ताप, अंगावरचं दूध आटलेलं, आठ महिन्यांचं पोर किंचाळतंय आणि नवरा सांगलीच्या बाजूला अडकलेला. ग्रुपवर एवढंच टाकलं, 'पावडरचा डबा आहे का कुणाकडं'. तासाभरात राजारामपुरीतनं एक बाई चालत आली, रेनकोटच्या आत डबा धरून, आम्ही एकमेकींना त्याआधी कधी बघितलंही नव्हतं. पैसे घेतले नाहीत. चहा टाकते म्हटलं तर म्हणाली, पाणी वाया घालवू नका. तिचा नंबर माझ्याकडं अजून 'डबा राजारामपुरी' म्हणून सेव्ह आहे.

आता सगळं असंच गोड असतं असं मी म्हणणार नाही. पोराच्या शाळेचा ग्रुप म्हणजे डोक्याला ताप. रात्री पावणेअकराला मेसेज की उद्या पिवळा ड्रेस, त्याच्याखाली साठ 'ओके मॅम', वर गुड नाईटची फुलं, आणि त्या दिवशी तारीख 20, मी जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, 3बी, भरून मेल्यासारखी झोपलेली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला, सगळी पोरं पिवळीधमक आणि आमचा एकटा युनिफॉर्मात. कुणी काही बोललं नाही, पण एका आईनं 'सो क्यूट' लिहिलं ना, ते मला अजून टोचतंय. बाबांना कुणी काही विचारत नाही ते वेगळंच, ग्रुपमध्ये बाबा आहेत पण म्यूटवर.

फोटोंचं मात्र तुमचं बरोबर आहे, तिथं मी चुकले. दीड वर्षाच्या इंजेक्शनला रडतानाचा त्याचा फोटो मी फेसबुकवर टाकला होता, भरपूर लाईक आले. त्याचं कुणीतरी व्हॉट्सअॅपचं स्टिकर केलं, आधी नात्यातल्या ग्रुपवर फिरलं, आणि मग एक दिवस आमच्या सप्लायरकडून बिलाच्या चौकशीखाली मला तेच आलं, 'सोमवार आला' असं लिहिलेलं. त्याला माहीतही नव्हतं तो कुणाचा पोरगा ते. पोस्ट मी काढून टाकली, पण स्टिकर कुठं कुठं गेलं ते कोण गोळा करणार. पोरानं मागं ते बघितलं आणि विचारलं, मी रडतोय तर सगळी हसतात का? मला उत्तर आलं नाही. तेव्हापासून फोटो बंद. (तुमच्या डीपीवर नातू फेटा बांधून बसलाय, तो विषय आत्ता काढत नाही.)

राहता राहिलं तुमच्या सूनबाईंचं. शेवटच्या दोन ओळींत लिहिलंय तुम्ही, रात्री दोनला सुद्धा मोबाईलचा उजेड दिसतो म्हणून, आणि खरं सांगू का, मला वाटतं सगळी कमेंट त्या दोन ओळींसाठीच होती. काका, रात्री दोनला बाळ पाजताना एका कुशीवर अर्धा तास पडून राहावं लागतं, झोप लागू द्यायची नसते आणि बोलायला घरात कुणी जागं नसतं. तेव्हा कुणीतरी कुठंतरी जागं आहे एवढंच बघायचं असतं. त्यांना विचारू नका कुणाशी बोलतेस म्हणून. सकाळी चहा तुम्ही टाका आणि बाळाला तासभर गच्चीत घेऊन जा, मोबाईल घरी ठेवून.