बांध, विस्कॉन्सिन

माझ्या जावयाची शेड काऊंटीच्या जमिनीत साडेचार फूट घुसलेली आहे. त्यांनी ती बांधली नाही. आधीच्या मालकानं बांधली, घराबरोबर यांच्या पदरात पडली, आणि गवत कापायचं यंत्र, बर्फ ढकलायचं यंत्र आणि लेकीच्या लग्नातली दोन न उघडलेली खोकी तिच्यात सुखानं नांदत होती. मग काऊंटीनं मोजणी केली आणि पत्र आलं. जावई घाबरले. मी, खोटं कशाला बोलू, खूष झालो. 34 वर्षं भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून उन्हातान्हात काढलेला माणूस लेकीकडे येऊन नुसतं कुंड्यांना पाणी घालत बसला की त्याला अतिक्रमणाचं पत्र माहेरच्या पत्रासारखं वाटतं.

काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकारानं बऱ्याचदा लहान. विस्कॉन्सिनात अशा 72 आहेत. आमच्या काऊंटीनं भांडण न काढता अदलाबदल सुचवली. शेडखालची पट्टी तुम्ही घ्या, मागच्या ओढ्याकाठचा तेवढाच तुकडा आम्हाला द्या, तिथून सायकलींची वाट न्यायची आहे. मला आपल्याकडची सलोखा योजना आठवली. 2023 पासून चालू आहे. याच्या नावावरचं शेत तो कसतो आणि त्याच्या नावावरचं हा, असं बारा वर्षं चाललं असेल, तर 1000 रुपये मुद्रांक आणि 100 रुपये नोंदणी फी भरून कागद सरळ करून घ्यायचे. दोघं भाऊ एका पंचनाम्यावर सह्या करायला एकत्र बसतील का, हा प्रश्न योजनेनं शेतकऱ्यांवर सोडला आहे.

पत्रासोबतचा नकाशा पाहिला आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पट्टी 33 फूट रुंद, 330 फूट लांब. 33 फूट! अहो, आमची साखळी. मुंबई इलाख्याची मोजणी ज्या साखळीनं झाली ती 33 फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इथली साखळी तिची थोरली बहीण, 66 फुटांची. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज पाद्र्यानं 1620 मध्ये काढलेली. इथले जुने रस्तेही त्याच मापाचे. शिवेच्या रेषेच्या दोन्ही अंगांना अर्धी अर्धी साखळी सोडायची, मध्ये 66 फुटांचा रस्ता. आमच्या शेजारचा रस्ता कधी झालाच नाही, पण त्याची अर्धी साखळी काऊंटीकडे राहून गेली.

“दहा गुंठे आहेत बघा,” मी जावयांना म्हणालो. त्यांनी फोनवर हिशेब केला. पाव एकर. बरोबर निघालं. आमच्या हिला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, “अहो, इथंही तेच का?”

जूनमधल्या एका संध्याकाळी साडेपाचला काऊंटीच्या समितीची सभा होती. जावई कामासाठी टेक्ससला, म्हणून लेक निघाली. मीही निघालो. लेक म्हणाली, “बाबा, तुम्हाला कंटाळा येईल.” तिला काय कल्पना. गावच्या ग्रामसभेत पाणीपट्टीवरून साडेतीन तास बसलेला माणूस आहे मी.

समितीत पाच जण. त्यांना सुपरवायझर म्हणतात. मला आधी रोजगार हमीच्या कामावरचा मुकादम वाटला, पण हे लोक दोन वर्षांसाठी निवडून आलेले असतात. एक शेतकरी, एक निवृत्त शिक्षिका, एक विम्याचा माणूस. बाकी दोघांचं काय ते कळलं नाही. आधी सगळे झेंड्याकडे तोंड करून छातीवर हात ठेवून उभे राहिले. माझा हात कुठं जावा हे मला ठरवता येईना, म्हणून मी पंधरा ऑगस्टसारखा सावधानमध्ये उभा राहिलो. मग हजेरी. मग मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. हा विषय ऐकला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. इतिवृत्त कुणीही वाचलेलं नव्हतं, हेही अगदी आपल्यासारखंच.

फरक पुढे आला. आपल्याकडे विषयपत्रिकेच्या शेवटी “ऐनवेळी येणारे विषय अध्यक्षांच्या परवानगीने” असतं, आणि खरी सभा तिथूनच सुरू होते. त्याआधीचे विषय म्हणजे नुसती पंगत वाढेपर्यंतची वेळ. इथं तसं चालत नाही. विस्कॉन्सिनचा कायदा असा की सभेची सूचना विषयांसह किमान 24 तास आधी लावायची, आणि सूचनेत नसलेल्या विषयावर निर्णय घ्यायचा नाही. मी लेकीला विचारलं, मग यांचं राजकारण होतं कधी? ती म्हणाली, बाबा, हळू बोला.

कंत्राटं सुरू झाली. रस्त्याखालची एक मोरी बदलायची होती, चार लाखांहून जास्त डॉलरची. तीन निविदा, सर्वांत कमी दराची निवडली. त्यात ‘जबाबदार’ असा शब्द आहे, म्हणजे कमी दराचा आणि जबाबदार, दोन्ही एकाच माणसात सापडले पाहिजेत. आमच्या भागात त्यासाठी पंचांग बघावं लागेल. मग बर्फ ढकलणारे दोन ट्रक. इथं राज्याचे महामार्गसुद्धा काऊंट्याच सांभाळतात, राज्य त्यांना त्याचे पैसे देतं; त्यामुळे जूनच्या उकाड्यात पाच माणसं गंभीर चेहऱ्यानं जानेवारीतल्या बर्फावर बोलत होती. सूचक, अनुमोदक, मंजूर. मोरी आणि ट्रक मिळून सहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

ही सूचक-अनुमोदकाची शिस्त ज्यानं पुस्तकात बांधली तो हेन्री रॉबर्ट अमेरिकन लष्करातला इंजिनिअर होता. एका चर्चची सभा चालवायला बसला, सभा हाताबाहेर गेली, लाज वाटली, आणि पुढे 1876 मध्ये त्यानं नियमांचं पुस्तकच छापलं. हे लेकीनं सभेला येताना गाडीत सांगितलं. मला तो माणूस आपला वाटला. आमच्याही खात्यात मोजणीला गेल्यावर दोन्ही बाजूंनी काठ्या निघाल्या की परत येऊन एक नवा फॉर्म तयार व्हायचा.

मग अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं की आता आम्ही गुप्त बैठकीत जात आहोत. कायद्याचं कलम वाचलं, 19.85, त्यातलं एक, त्यातलं ई. दुसऱ्या एका जमिनीची खरेदी होती आणि किती भाव देणार हे समोरच्याला कळू नये म्हणून दार लावायचं होतं. एकेकाचं नाव पुकारून मत घेतलं, पाचांनीही होकार दिला, आणि आम्ही चौदा प्रेक्षक शिस्तीत बाहेर व्हरांड्यात. गुपित बोलायला चाललो आहोत हे इतक्या मोठ्यानं सांगणारे लोक मी प्रथमच पाहिले. आपल्याकडे ही बैठक आदल्या दिवशी ढाब्यावर होते आणि तिला कलम नसतं.

व्हरांड्यात एक यंत्र होतं, डॉलर घातला की चिप्स देणारं. त्यानं लेकीचा डॉलर घेतला आणि चिप्स अडकवून ठेवल्या. पंचवीस मिनिटं आम्ही त्या पाकिटाकडे बघत उभे होतो. शेजारी जांभळ्या टोपीतले एक आजोबा होते, आमचे लगतधारक. ओढ्याच्या पलीकडचं मक्याचं शेत त्यांचं. त्यांनी मला विचारलं, शेती आहे का? म्हटलं, आहे, तीन एकर, ऊस आणि आलं. किती ठिकाणी? म्हटलं, पाच. ते खो खो हसले. त्यांचे 300 एकर सलग होते.

पुन्हा आत. आमचा विषय निघाला. नकाशा पडद्यावर आला आणि काऊंटीच्या वकिलानं दोन वाक्यांत प्रकरण सांगितलं. मी वाट बघत होतो दोन मिनिटांत ‘मंजूर’ ऐकायची. तेवढ्यात शेतकरी सुपरवायझरांनी विचारलं, “ओढ्याकाठच्या तुकड्यावरचं गवत कोण कापणार?”

खोलीत जीव आला.

ठराव झाल्या दिवसापासून काऊंटीनं कापायचं, एक म्हणाले. छे, खरेदीखत नोंदवेपर्यंत जमीन घरमालकाची, त्यांनी कापायचं, दुसरे. यंत्राखालचा दगड उडून सायकलवाल्याला लागला तर, विमेवाले. शिक्षिकाबाईंना गवत कापणंच मान्य नव्हतं. मे महिन्यात गवत वाढू द्यायचं, मधमाश्यांसाठी, ॲपलटन शहरानं 2020 मध्येच सुरू केलंय. पण हा जून आहे, विमेवाले म्हणाले. वाढलेलं मे महिन्यातलंच आहे, बाई म्हणाल्या. मग जांभळ्या टोपीतले आजोबा उठले. बोलायला तीन मिनिटं मिळतात, समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो. आजोबांनी सांगितलं की ओढ्याकाठचं गवत ते स्वतः 1988 पासून कापत आलेत, कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी थांबवलं तर बघतील. लाल दिवा लागला तरी ते बोलत होते. दिव्याकडे बघून म्हणाले, त्याला थांबू दे.

मी डोळे मिटून ऐकत होतो. भाषा कळत नव्हती असं समजा, तरी सांगितलं असतं, हा बांध आहे. धरणात चारशे एकर गेले तेव्हा आमच्या गावानं अर्ज केला, मोबदला घेतला, गप्प झालं. पण बांध कोरला म्हणून दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला गेले नाहीत. मोरी कुणाची नसते हो. गवत सगळ्यांना कळतं.

पस्तीस मिनिटं हे चाललं. तेवढ्या वेळात मी काय करणार? लेकीच्या मांडीवरचा कागदांचा गठ्ठा घेतला आणि जमिनीचं वर्णन वाचायला लागलो. इथलं वर्णन म्हणजे चालत निघालेला माणूस असतो. अमुक सेक्शनच्या वायव्य कोपऱ्यापासून निघा, तेथून दक्षिणेला इतके फूट, तेथून पूर्वेला इतके, तेथून, तेथून, आणि सुरुवातीच्या बिंदूवर परत. हे सगळे सेक्शन एक मैल बाय एक मैलाचे, 640 एकरांचे, आणि त्यांचा धागा मागे मागे नेला तर थेट इलिनॉयच्या सीमेवर जातो, जिथं 1831 मध्ये ल्युशियस लायन नावाच्या मोजणीदारानं डिसेंबरच्या थंडीत पहिली खूण उभी केली. त्याला मनातल्या मनात नमस्कार करून मी त्या माणसाबरोबर चालू लागलो. जाताना 330 फूट. वळलो, 33. परत येताना 303.

मी थांबलो. पुन्हा चाललो. पुन्हा 303.

सुरुवातीच्या बिंदूच्या सत्तावीस फूट अलीकडेच आमचा माणूस उभा राहिला होता. 303 धरले तर पट्टी नऊ गुंठे आणि तीन आण्यांना जरा कमी. दहा बसतच नाहीत. मी लेकीला कोपर मारलं.

“आकडा उलटा पडलाय.”

“बाबा, गप्प बसा. आत्ता मंजूर होतंय.”

आणि खरंच होत होतं. गवताचा तोडगा निघाला होता: आजोबांनी कापायचं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणखी कुणाला काही विचारायचंय?

माझा हात वर गेला. मी नेला नाही, गेला. 34 वर्षांची सवय.

बाई म्हणाल्या, नोंदीसाठी नाव आणि पत्ता सांगा. मी नाव सांगितलं, आणि मग तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. लिहून घेणाऱ्या मुलीनं मान वर केली. स्पेलिंग सांगायला लेकीला उठावं लागलं. तिचे कान लाल झाले होते. मी दोन आकडे सांगितले, मग बोटानं हवेत पट्टी काढून दाखवली आणि एका बाजूला उघडीच सोडली. वकिलानं कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. टंकताना आकडा फिरला असावा, म्हणाला, पण दोन्हींतला खरा कुठला हे काऊंटीच्या मोजणीदाराला विचारल्याशिवाय सांगणार नाही. मोजणीदार सुट्टीवर होता. मासे पकडायला गेला होता, असं शेतकरी सुपरवायझरांनी प्रेमानं सांगितलं.

सूचक. अनुमोदक. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. सर्वानुमते.

बाईंनी माझे आभार मानले. शिक्षिकाबाईंनी तर टाळी वाजवली, एकच. जांभळी टोपी माझ्याकडे बघून जरा उंच झाली. लेक काही बोलली नाही. पुढची सभा महिन्यानं. तिथून अर्थ समिती, मग पूर्ण मंडळ, मग खरेदीखत, मग नोंदणी. नोंदणीची फी 30 डॉलर, कागद कितीही पानांचा असो. एवढं एकच काय ते झटपट होणार होतं. आणि आमचं परतीचं विमान अठरा दिवसांवर.

घरी येताना गाडीत फक्त वायपरचा आवाज होता. पाऊस नव्हता, तिनं चुकून लावला होता.

“काय झालं?” हिनं दारातच विचारलं.

“तहकूब.”

“का बरं?”

लेक माझ्याकडे बघत राहिली. ही पण बघत राहिली. 34 वर्षांच्या संसारात तिनं ज्या नजरेनं माझ्या साखळीकडे पाहिलं, त्याच नजरेनं.

शनिवारी जावई परतले. लेकीनं त्यांना सगळं सांगितलं असणार, पण माणूस सभ्य. त्यांनी शेडमधून यंत्र काढलं, दोरी ओढून सुरू केलं आणि माझ्यापाशी येऊन मोठ्यानं विचारलं, “बाबा, कुठपर्यंत कापू?”

“303 पर्यंत कापा,” मी म्हणालो. “उरलेले सत्तावीस फूट काऊंटी ठरवेल.”