हार्टनेलची तीन वर्षं वगळायला सांगणाऱ्यांना

'डॉक्टर हू' ही बीबीसीची कालप्रवासाची मालिका; तिचा नायक 'डॉक्टर' अधूनमधून चेहरा बदलतो, म्हणजे नट बदलतो. ती नव्याने बघायला घेणाऱ्याला जुनेजाणते चाहते एक सल्ला हमखास देतात. मालिका नव्याने आली त्या २००५ पासून सुरू कर, फारच हौस असेल तर टॉम बेकरच्या १९७४ पासून. पण पहिल्या डॉक्टरच्या, म्हणजे विल्यम हार्टनेलच्या, १९६३ ते १९६६ च्या वाटेला जाऊ नकोस. कारणंही ठरलेली. तो मुळात लहान मुलांचा कार्यक्रम होता. सेट पुठ्ठ्याचे. गोष्टी रेंगाळणाऱ्या. मध्येच इतिहासाचे तास. डॉक्टर म्हणजे खेकसणारा, जुन्या वळणाचा म्हातारा आणि बायका किंचाळण्यापुरत्या. त्यात निम्मे भाग बीबीसीने पुसूनच टाकले, मग बघणार काय?

२०२३ मध्ये मालिकेला साठ वर्षं झाली. बीबीसीने जुन्या भागांचा मोठा साठा आयप्लेअर या आपल्या ऑनलाइन सेवेवर ठेवला, डालेकांची (डॉक्टरच्या यंत्रात बसलेल्या शत्रूंची) पहिली गोष्ट रंगवून ७५ मिनिटांत बसवली. त्या निमित्ताने अनेकांची पावलं पुन्हा या काळाकडे वळली आणि वरचा सल्लाही त्यांच्या मागोमाग आलाच. त्यातलं थोडं खरं आहे. बरंचसं मात्र न बघताच बोललेलं आहे.

'लहान मुलांचा कार्यक्रम' हे तर कागदोपत्रीही टिकत नाही. मालिका काढली ती बीबीसीच्या नाट्यविभागाने, मुलांच्या विभागाने नव्हे. विभागप्रमुख सिडनी न्यूमन कॅनडाहून आलेला. त्याला शनिवारी संध्याकाळी, खेळांचा कार्यक्रम संपून गाण्यांचा सुरू होण्याआधी, अख्खं घर धरून ठेवेल असं काहीतरी हवं होतं. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची. पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसेन २४ चा, लखनौत जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. त्या वेळच्या बीबीसीत ही दोघंही उपरीच. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवावा लागला.

तो पहिला भाग बघाच. शाळा सुटल्यावर दोन शिक्षक एका विद्यार्थिनीबद्दल बोलत बसलेत. हिला काही गोष्टी वयाच्या मानाने फारच ठाऊक आहेत आणि काही अगदी साध्या ठाऊक नाहीत. ही सुसान, डॉक्टरची नात, वर्गात पैशांची पद्धत दशमान आहे असं समजून उत्तर देते आणि पोरं हसतात. ब्रिटनमध्ये दशमान नाणी आली १९७१ मध्ये. लेखकाने ते आठ वर्षं आधी एका परग्रहावरच्या मुलीच्या तोंडी घातलं होतं. (आपल्याकडे नवे पैसे १९५७ लाच आले, त्यामुळे आपल्याला त्यात सुसानचं काही चुकलंय असं वाटतच नाही.) मग भंगाराचं आवार, धुकं, घरघरणारा पोलीस बॉक्स, म्हणजेच डॉक्टरचं कालयान टार्डिस. २५ मिनिटांत एकही राक्षस नाही आणि तरी अंगावर काटा येतो.

सेटचं म्हणाल तर अर्धं मान्य. मेक्सिकोतल्या ॲझ्टेकांच्या मंदिरामागचं आकाश म्हणजे रंगवलेला पडदा आहे, ते लपत नाही. डालेकांच्या पहिल्या गोष्टीत मागे ओळीने उभे असलेले काही डालेक म्हणजे मोठे करून कापलेले फोटो आहेत. पण हे काम चालायचं कसं? लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ डी अडचणीचा आणि दिव्यांनी तापलेला. चार दिवस तालीम, पाचव्या दिवशी संध्याकाळी अख्खा भाग जवळजवळ सलग चित्रित. टेप कापणं महागडं, म्हणून नट अडखळला तरी पुढे जायचं. असे एका मोसमात ४२ भाग. हार्टनेलची वाक्यं कधीकधी घसरतात ती म्हणून. शिवाय त्यातल्या काही घसरणी ठरवून केलेल्या आहेत. त्या दोन शिक्षकांतल्या इयन चेस्टरटनचं आडनाव तो दर वेळी नवं काढतो, आणि चेस्टरटनच्या चेहऱ्यावरचा वैताग बघण्यासारखा असतो.

आणि 'स्वस्त' म्हणताना कान उघडे ठेवावेत. शीर्षकसंगीत लिहिलं रॉन ग्रेनरने, पण ते प्रत्यक्ष घडवलं बीबीसीच्या ध्वनिप्रयोगशाळेतल्या डेलिया डर्बिशरने. एकेक स्वर टेपवर वेगळा घेतलेला, तुकडे मोजून कापलेले, एकमेकांना चिकटवलेले. सिंथेसायझरचा त्यात संबंधच नाही. टार्डिसचा घरघराट ब्रायन हॉजसनने पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून काढला. 'खरी मालिका २००५ पासून' म्हणणारे आजही तोच आवाज ऐकून खूश होतात.

'रेंगाळतं.' हे भाग आठवड्याला एक असे बघायचे होते. साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी एका बैठकीत वाचून काढायची आणि वर लेखक पाल्हाळ लावतो म्हणायचं, त्यातला हा प्रकार. दिवसाला एक भाग बघा, निम्मी तक्रार गळून पडते. निम्मी उरते, तीही सांगतो. 'द सेन्सोराइट्स' लांबलेली आहे. 'द वेब प्लॅनेट'मध्ये माणसाएवढ्या मुंग्या आहेत, भिंगाला व्हॅसलीन फासून आणलेलं धुकं आहे, एक मुंगी तर चक्क कॅमेऱ्यावर आपटते आणि तो भाग तसाच प्रसारित झाला. तिच्या पहिल्या भागाला तेव्हा १ कोटी ३५ लाख प्रेक्षक होते. मला ती तिसऱ्या भागापुढे सोसत नाही.

पण खरा अन्याय होतो तो 'इतिहासाचे तास' या शेऱ्याने. या काळात निव्वळ ऐतिहासिक गोष्टी असायच्या. टार्डिस सोडली तर त्यात विज्ञानकथेचं काहीच नाही, परग्रहावरचा खलनायक नाही, यंत्र नाही. लोकांना वाटतं ती शैक्षणिक सक्ती होती. सुरुवातीला हेतू तसा होताही. म्हणून तर दोन शिक्षकांतली बार्बरा इतिहासाची आणि इयन विज्ञानाचा. पण हाती आलं ते वेगळंच. 'द रोमन्स' हे सरळ प्रहसन आहे. डॉक्टर नीरोसमोर वीणेसारखं वाद्य घेऊन बसतो, तारांना नुसती बोटं लावल्यासारखं करतो, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करायची एकाही दरबाऱ्याची हिंमत होत नाही.

आणि 'द ॲझ्टेक्स', १९६४, चार भाग. बार्बराला लोक देवीचा अवतार समजतात. तिला ही संस्कृती अभ्यासून माहीत आहे. स्पॅनिश येऊन तिचा नाश करणार हेही माहीत आहे. तिचा विचार सरळ आहे: नरबळी थांबवला, तर यांच्यातलं जे चांगलं ते वाचेल. डॉक्टर तिला बजावतो की इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येणार नाही. ती ऐकत नाही. पहिल्याच भागात पाऊस पडावा म्हणून बळी द्यायचा असतो आणि ती देवीच्या अधिकाराने तो रोखते. पुढे जे होतं ते इतकं निर्दय आहे की 'मुलांचा कार्यक्रम' म्हणणाऱ्यांनी हा एवढा तुकडा तरी बघावा. ज्याला तिने वाचवलं त्याला ती विटंबना वाटते. तो स्वतः मंदिरावरून उडी टाकून जीव देतो. आणि पाऊस पडतो. बळीचा पुजारी त्लोतोक्सल लोकांकडे वळून सांगतो, बघा, मरणाबरोबर पाऊस आला.

तिथून पुढचे तीनही भाग बार्बरा हरत जाते. ज्ञानाचा पुजारी ऑट्लॉक एकटाच तिचं म्हणणं मनावर घेतो, आणि त्याची किंमत म्हणजे त्याची स्वतःची श्रद्धा जाते. तो सगळं सोडून रानात निघून जातो. शेवटी ग्रहणाच्या वेळी बळी पडतोच. डॉक्टर तिला एवढंच म्हणू शकतो की एक संस्कृती तू वाचवली नाहीस, पण एका माणसाला काहीतरी दिलंस. तिचं समाधान होत नाही, आणि पटकथाही ते झालं असं दाखवत नाही. कालप्रवासाच्या किती गोष्टींत इतिहास न बदलण्याचा नियम नुसता ऐकवला जातो! इथे तो नियम एका शहाण्या, सहृदय बाईच्या जिवावर येतो.

याच गोष्टीत डॉक्टर नकळत लग्न ठरवून बसतो. कॅमेका नावाच्या बाईला तो कोकोचा पेला करून देतो. त्याचा तिथे अर्थ काय हे त्याला ठाऊक नसतं. निघताना तिने दिलेली खूण तो थडग्यात ठेवतो, दोन पावलं जातो, वळतो आणि ती उचलून खिशात टाकतो. संवाद एकही नाही. हार्टनेलला 'नुसता खेकसणारा' म्हणणाऱ्यांना हे दृश्य दिसलेलंच नसतं.

हे सांगताना दुसरी बाजू झाकायची नाही. या सगळ्या ऐतिहासिक गोष्टींत मंगोल, ॲझ्टेक, सलादिन ही माणसं बहुतेक रंग फासलेल्या गोऱ्या नटांनी केली आहेत. मंगोलांच्या 'मार्को पोलो'चा दिग्दर्शक वारिस हुसेन भारतीय असला तरी बीबीसीची पद्धत तीच होती. ते आज खटकतं आणि खटकायलाच हवं.

आता तो चिडका म्हातारा. तो चिडका आहे, हे बरोबर. निव्वळ चिडका असता तर मीही सोडून दिलं असतं; सुरुवातीला तो भरवशाचाही नाही. पहिल्याच गोष्टीत जंगलातून पळताना एक जखमी आदिमानव वाटेत पडलेला असतो, शिक्षक त्याची शुश्रूषा करतात, आणि डॉक्टर हळूच एक धारदार दगड उचलतो. इयन त्याचा हात धरतो. याच्याकडून मला वाटेचा नकाशा काढून घ्यायचा होता, अशी सारवासारव डॉक्टर करतो. कुणाचाही विश्वास बसत नाही. डालेकांच्या गोष्टीत शहर बघायला मिळावं म्हणून तो यंत्र बिघडल्याचं सोंग करतो आणि सगळ्यांचे जीव धोक्यात घालतो. त्यानंतरची 'द एज ऑफ डिस्ट्रक्शन' खर्च वाचवायला, नेहमीचे चार नट आणि टार्डिसचा एक सेट एवढ्यावर लिहिलेली. तीत तो शिक्षकांवर घातपाताचा आळ घेतो, त्यांना गुंगीचं पेय पाजतो, बाहेर काढण्याची धमकी देतो. बार्बरा त्याला तोंडावर सुनावते. गुंता सोडवतेही तीच. शेवटी तो तिची माफी मागतो, आणि ती मागणं त्याला किती जड जातं हे हार्टनेल पुरतं दाखवतो.

आपण ज्याला आज डॉक्टर म्हणतो, कुणालाही वाऱ्यावर न सोडणारा, तो या दोन शिक्षकांच्या सहवासात घडला. वगळणाऱ्यांचा तोटा नेमका हा. १९६५ मध्ये 'द चेस'च्या शेवटी इयन आणि बार्बरा लंडनला परत जायचं ठरवतात, तेव्हा तो आरडाओरडा करतो. मग मदत करतो. मग ते सुखरूप पोचलेले पडद्यावर बघत बसतो आणि त्यांची उणीव भासेल असं म्हणतो.

मग 'जुन्या वळणाचा, बायकांना कमी लेखणारा' ही ख्याती आली कुठून? बरीचशी २०१७ च्या नाताळच्या भागातून. त्यात डेव्हिड ब्रॅडलीने केलेला पहिला डॉक्टर बायकांनी झाडलोट करावी अशा थाटात बोलतो. जुन्या भागांत त्याला आधार म्हणून एक वाक्य सापडतं खरं, १९६४ मधलं. तेही आजोबांनी नातीला फटके देण्याची दटावणी आहे. बार्बराला टार्डिस पुसायला सांगणारा डॉक्टर हार्टनेलने कधी केला नाही. आणि बार्बराने ते ऐकूनही घेतलं नसतं. 'द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ'मध्ये ती डालेकांच्या रांगेवर ट्रक घालते. पुढे पकडली गेल्यावर त्यांच्या म्होरक्याला बंडाची बातमी म्हणून बोस्टन टी पार्टी, हॅनिबल आणि आपलं १८५७ असं सगळं एकत्र कालवून ऐकवते, आणि ते बिचारे डालेक ते खरं मानतात. सुसानचं मात्र वाईट झालं, हे खरं. पहिल्या भागातली ती गूढ मुलगी पुढे किंचाळण्यापुरती उरली, कॅरोल ॲन फोर्ड त्यालाच कंटाळून बाहेर पडली.

राहिले हरवलेले भाग. 'निम्मे' हा आकडा चूक आहे. पहिल्या दोन मोसमांत मिळून ८१ भाग, त्यातले फक्त ११ हरवलेले: 'मार्को पोलो'चे सातही, 'द रेन ऑफ टेरर'चे दोन, 'द क्रुसेड'चे दोन. मोठं खिंडार आहे ते तिसऱ्या मोसमात. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आहे, कारण तेव्हाची काही मुलं टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर लावून बसायची. 'द मॅसेकर' पूर्ण हरवलेली. तीत डॉक्टरचा तेव्हाचा सहप्रवासी स्टीव्हन रागाने निघून जातो आणि डॉक्टर टार्डिसमध्ये एकटा उरतो. गेलेल्यांची नावं घेतो, घरी परतावं का असं स्वतःला विचारतो आणि ते जमणार नाही असं म्हणतो. अंधारात हेडफोन लावून ऐका, चित्राची आठवण येत नाही. हार्टनेलचा शेवटचा भाग, २९ ऑक्टोबर १९६६ चा, तोही गायब आहे; पण चेहरा बदलण्याचा तुकडा मुलांच्या 'ब्लू पीटर' कार्यक्रमात दाखवल्यामुळे वाचला.

सुरुवात करायचीच असेल तर पहिला भाग, मग दगडाच्या दृश्यापर्यंतचे पुढचे दोन, मग डालेक, टार्डिसमधली दोन भागांची गोष्ट आणि लगेच 'द ॲझ्टेक्स'. रंगवलेली आवृत्ती टाळा. डालेकांच्या सात भागांची ७५ मिनिटं करताना त्यातला तणावच कापला गेलाय. आणि मुंग्यांची गोष्ट आवडली, तर का आवडली ते मला जरूर सांगा.