शॉकअपची स्प्रिंग तारेनं बांधायची नसते

गेले काही दिवस एक मेसेज या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. उद्यमनगरातल्या शिकाऊ पोरांपासून घरच्या अंगणात गाडी खोलणाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडं तो पोचलाय. 'गंजून जाम झालेला पुढचा शॉकअप दहा मिनिटांत काढा' असा मथळा आणि खाली पाच गोष्टी. नट-बोल्टवर गॅस मारून लालभडक करा. नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात, अडकला तर घणानं हाणा. स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागत नाही, बाइंडिंग वायरचे चार वेढे पुरतात. गाडी जॅकवर घेतली की बास. आणि निघालेले बोल्ट पुसून परत लावा.

मी वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय. या पाचांतल्या एकाच गोष्टीत थोडं तथ्य आहे, आणि एक गोष्ट माणसाचा जीव घेऊ शकते. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

स्प्रिंग आणि तार. शॉकअपच्या दांड्यावर वर एक नट असतो. त्या एका नटानं माउंट, म्हणजे स्प्रिंगवरची टोपी, धरलेला असतो आणि माउंटनं स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. गाडी उचलली, चाक लोंबकळलं, म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, ती तेव्हाही दाबलेलीच असते. समजा ती 10 सेंटिमीटर दाबलेली आहे आणि 200 किलोचा जोर लावतेय. तिच्यात साधारण 100 ज्यूल ऊर्जा कोंडलेली आहे. ती सगळी अर्ध्या किलोच्या माउंटला मिळाली तर माउंट ताशी 70 किलोमीटरच्या वेगानं सुटतो, आणि त्या वेळी नट सोडणाऱ्याचं तोंड बरोबर त्याच्या वर असतं.

आमच्या ओळीतल्या एका गॅरेजात हे घडलेलं मी पाहिलंय. स्प्रिंगला तार गुंडाळली होती. पोरानं नट शेवटच्या आट्यापर्यंत आणला आणि खाली पडलेली 17 ची गोटी (सॉकेट) उचलायला तो बाजूला वाकला. तेवढ्यात आटा तुटला. माउंट सरळ छताच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला नारळाएवढा पोचा आहे, अजून आहे. तार तुटलीसुद्धा नव्हती, ती तिरक्या वेढ्यांवरून नुसती घसरली होती. जी तार हातानं पिळता येते ती स्प्रिंगला काय धरणार?

कॉम्प्रेसर असा लावायचा: त्याच्या दोन्ही बाजू बरोबर समोरासमोर, आकड्यांत स्प्रिंगचे जमतील तितके वेढे घेऊन, आट्यांना ग्रीस. मग साध्या पान्यानं आलटून पालटून, या बाजूला दोन फेरे, त्या बाजूला दोन फेरे. इथं इम्पॅक्ट गन वापरायची नाही, एक बाजू पुढं गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा सुटतो. स्प्रिंग वाटीत हातानं सैल हलायला लागली, तरच वरच्या नटाला हात लावायचा. डोकं बाजूला ठेवून.

त्यातच आणखी एक गोष्ट. बोनेट उघडल्यावर शॉकअपच्या डोक्यावर सहसा कडेला दोन-तीन छोटे नट आणि मधोमध एक मोठा नट दिसतो. गाडीतून शॉकअप काढताना कडेचे सोडायचे. मधला नाही! मेसेजमधल्या फोटोत बाण मधल्यावर आहे. नुसत्या त्या एका बाणासाठीसुद्धा हा मेसेज पुढं पाठवणं थांबवा.

मधला नट जाम असेल तर त्याच्याबरोबर दांडाही फिरतो. दांड्याच्या टोकाला ॲलन की घालून धरायची. शॉकअप परत वापरायचा असेल तर दांड्याला पक्कड लावू नका. एक ओरखडा पडला की तो ऑइल सील कापत राहतो.

आता गॅस. तथ्य आहे म्हणालो ते इथं. तापल्यावर लोखंड फुगतं: 12 मिलिमीटरचा नट 300 अंशांनी तापवला तर त्याचं भोक साधारण 0.04 मिलिमीटर मोठं होतं. गंजाची पकड सुटायला तेवढं कधी कधी पुरतं. पण नट गरम आणि बोल्ट थंड असेल तरच. दोन्ही लाल केले तर दोन्ही सारखेच फुगतात. आणि नटाच्या शेजारी काय असतं ते बघा. शॉकअपच्या नळीत तेल आणि बहुतेक वेळा दाबाखालचा वायू, बाजूला ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर, बॉल जॉइंटचं रबर. स्प्रिंगला ज्योत लागली तर तिचं पाणी उतरतं, म्हणजे कणखरपणा जातो, आणि ती पुढं कधीतरी घाटात तुटते. ब्रेक क्लीनर मारून लगेच गॅस पेटवणारेही पाहिलेत. काही क्लीनरांत क्लोरीनयुक्त द्रव असतो, त्याला ज्योत लागली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

ज्योतीऐवजी वेळ द्या. आपल्याकडं गगनबावड्याच्या पावसातल्या, मालवण-देवगडच्या खाऱ्या हवेतल्या आणि 2019, 2021 च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे आतून ठासून भरतात. तारेच्या ब्रशनं उघडे आटे साफ करा, गंजावर झिरपणारं तेल मारा, हातोडीनं हलकं टिचकवा, रात्रभर सोडा, सकाळी परत मारा. डब्ल्यूडी-40 मुळात 1953 मध्ये पाणी हटवण्यासाठी बनलं, हट्टी गंजाला खास झिरपणारं तेल बरं. डिझेलही थोडं काम करतं, ते मी नाकारत नाही. नट फिरायला लागला की एकदम ओढू नका. थोडा सोडायचा, थोडा आवळायचा, तेल, परत. संध्याकाळी न हललेला नट सकाळी साध्या रिंग पान्यानं सुटलेला मी कितीदा पाहिलाय.

घणाचं म्हणाल तर नकलवर बसलेला प्रत्येक घाव व्हील बेअरिंगला लागतो. गोळ्यांचे खड्डे पडतात आणि महिन्याभरात चाक गुणगुणायला लागतं. बोल्ट बाहेर ठोकायचाच असेल तर नट त्याच्या टोकाशी सपाट आणून ठेवा म्हणजे आटे वाचतात, आणि मध्ये पितळी दांडा धरा. काही बोल्टांच्या मानेला दाते असतात. तिथं बोल्टाचं डोकं फिरवायचं नाही, नट फिरवायचा. पोलोसारख्या गाड्यांत बोल्टाऐवजी चिरेची पकड असते. त्या चिरेत छन्नी ठोकू नका, फटीत घालून फिरवायचं चपटं हत्यार मिळतं. आणि नकल मोकळी झाली की ती तारेनं टांगून ठेवा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. तार इथं चालते.

जॅकचं थोडक्यात: जाम बोल्टसाठी पान्याला पाइप घालून माणूस अंगाच्या जोरानं ओढतो, गाडी हलते, आणि अंगणातल्या मऊ मातीत जॅक तिरका होतो. कठीण सपाट जमीन, मागच्या चाकाला दगड नाही तर ठोकळा, आणि गाडी घोडीवर, म्हणजे जॅकनं उचलल्यावर खाली लावायच्या लोखंडी स्टँडवर. घोडी नसेल तर काम दुसऱ्या दिवशी.

राहिले जुने बोल्ट. गंजानं मान बारीक झालेला, तापवलेला किंवा घाव खाल्लेला बोल्ट परत लावायचा नाही, चाकाला धरून ठेवणारा बोल्ट आहे तो. नवे बोल्ट, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. मग व्हील अलाइनमेंट. शॉकअप नकलला जोडणाऱ्या भोकांत बोल्टाला जेवढी ढिलाई, तेवढं चाक आत किंवा बाहेर झुकतं, आणि टायर एका कडेनं खाऊ लागतो.