बर्गनचा इन्स्पेक्टर आणि मुलुंडची स्लो

मलपृष्ठावर जाड टायपात छापलं होतं, 'भूतकाळ त्याची पाठ सोडायला तयार नाही!' आमच्या मुलुंडात भूतकाळच काय, समोरच्या विंगमधले कुलकर्णीसुद्धा कुणाची पाठ सोडत नाहीत, पण त्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही. मुखपृष्ठावर काळं आभाळ, ओला रस्ता, पाठमोरा माणूस आणि वर लाल शिंतोडे असा सगळा ऐवज होता. वाचनालयाच्या कार्डावर शिक्का मारून घेतला आणि पुस्तक घरी आणलं.

कादंबरी नॉर्वेतली, मराठीत अनुवाद केलेली. नाव सांगत नाही, कारण बोलण्याच्या ओघात खुनी सांगून टाकायची मला खोड आहे. नायक बर्गन शहरातला इन्स्पेक्टर. बायको सोडून गेलेली, मुलगी फोन उचलत नाही, जुना जोडीदार याच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडालेला. तेव्हापासून याची झोप उडालेली आहे. बंदराकडे तोंड असलेल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हा एकटाच राहतो, रात्री खिडकीशी उभा राहून पाऊस बघतो आणि बिनदुधाची कॉफी पितो. प्रेत सापडलं की त्याला आधी स्वतःचं काहीतरी आठवतं, ते दोन-तीन पानं चालतं, आणि मग प्रेताची विचारपूस होते.

आमच्या लहानपणी डिटेक्टिव्ह असे नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या झुंजारला किंवा धनंजयला भूतकाळ छळत असल्याचं मला तरी आठवत नाही. धनंजयने छोटूला हाक मारली की गोष्ट सुरू, आणि संध्याकाळपर्यंत बदमाष गजाआड. 1887 साली शेरलॉक होम्स अवतरला, त्याचं मुख्य दुखणं काय, तर काम नसलं की कंटाळा येतो. मनाला लागलेली ही कीड पुढची, आणि तिची आजची साथ बरीचशी उत्तरेकडून आलेली आहे. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्याने 1965 ते 1975 या काळात मार्टिन बेक नावाच्या पोलिसाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. एक प्रकरण तिने लिहायचं, पुढचं त्याने. (आमच्याकडे सिलिंडरचा नंबर कोणी लावायचा यावर एकमत होत नाही.) त्या बेकचं पोट कायम बिघडलेलं. नंतर हेनिंग मानकेलचा वालांडर आला, तर त्याला मधुमेह. थोडक्यात, खुन्याचा शोध लागेपर्यंत तपास अधिकाऱ्याचाच पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायची वेळ होते.

हे मी कौतुकाने आईला सांगितलं, तेवढंच नडलं. तिला खुनाबिनाशी कर्तव्य नव्हतं. रोज रात्री पानं वाढताना तिचा पहिला प्रश्न, "तुझा तो इन्स्पेक्टर जेवला का आज?"

"नाही गं आई. कॉफी प्यायला."

"पुन्हा? अरे, त्याला बहीण वगैरे कोणी नाही का? चार दिवस जाऊन राहावं माणसाने."

त्या दिवशी शीतगृहात तिसरं प्रेत मिळालं होतं. तेही मी सांगितलं. "ते असू दे," आई म्हणाली, "पण उपाशीपोटी काळी कॉफी म्हणजे आम्लपित्ताला आमंत्रण." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी पडली, इन्स्पेक्टरच्या वाटणीची.

नॉर्वेच्या लोकांचं वाचन कसं चालतं ते मी मुद्दाम शोधून काढलं आणि जळफळाट झाला. तिकडे ईस्टरच्या सुट्टीत गुन्हेगारी कादंबऱ्या वाचायची रीतच आहे. माणसं डोंगरातल्या लाकडी घरांत जातात, बाहेर बर्फ, आत शेकोटी, हातात खून. दुधाच्या खोक्यांवरसुद्धा त्या दिवसांत छोट्या रहस्यकथा छापतात. याची सुरुवात 1923 मध्ये झाली. ईस्टरच्या तोंडावर तिथल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आलं, 'बर्गनची रेल्वे रात्री लुटली!' ती एका नव्या कादंबरीची जाहिरात होती, पण वाचकांना खरी बातमी वाटून घबराट उडाली. मुंबईत असलं काही छापलं तर कोण घाबरणार आहे? लोक एवढंच विचारतील की मग गाड्या किती मिनिटं लेट आहेत.

तर तिकडे डोंगर आणि शेकोटी, इकडे मला मुलुंडची स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी लोकल. बसायला मिळालंच तर चौथी सीट, म्हणजे अर्धा देह बाकावर आणि अर्धा देवाच्या भरवशावर. विंडो मिळायचा प्रश्नच नाही, कारण तिथे ठाण्याला उलटे जाऊन बसून आलेले पुण्यवान विराजमान असतात. डाव्या हाताने डोक्यावरची कडी धरायची, उजव्या हाताने पुस्तक धरायचं आणि पान उलटायचं हनुवटीने. भांडुप येईतो इन्स्पेक्टर थडग्यांमधून चालत असतो. कांजूरला कोणाचा तरी डबा माझ्या कानाला लागतो. अशा स्थितीत माणसाच्या काळजातला अंधार समजून घ्यायचा असतो.

त्यात आमच्या ग्रुपमधले सावंत. हे मेट्रोसाठी घाटकोपरला उतरतात. माझ्या खांद्यावरून वाचायची त्यांना सवय, आणि माझ्यापेक्षा त्यांचा वेग कमी. मी पान उलटायला लागलो की मागून आवाज, "थांबा हो, आत्ताच दार उघडलंय त्याने." मी थांबायचो. विक्रोळी जायची. "हां, उलटा." घाटकोपरला ते उतरायचे तेव्हा इन्स्पेक्टर अर्ध्या जिन्यात असायचा. दुसऱ्या दिवशी गर्दीतून मुसंडी मारत यायचे आणि डब्याच्या दारातूनच ओरडायचे, "काय झालं मग? मेली का बाई?"

सगळा डबा माझ्याकडे बघायचा. एका माणसाने कानातलं यंत्र काढून ठेवलं. मला सांगावं लागलं, की बाई जिवंत आहे, पण शुद्धीवर नाही, आणि ती माझी कोणी नव्हे.

त्या दिवसापासून तपास माझ्या हातातून गेला. दळवीकाका आमच्या ग्रुपमधले सर्वांत ज्येष्ठ, उभं आयुष्य कोर्टातल्या कारकुनीत गेलेलं. त्यांनी सावंतांकडून हकीकत ऐकून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "जागा कोणाच्या नावावर आहे?"

"कुठली जागा?"

"ज्या म्हाताऱ्याला मारलं त्याची. बंदराजवळ लाकडी घर आहे म्हणालात ना? मालकीचं की भाड्याचं?"

मी सांगितलं, की काका, हा तसला खून नाही. ही मनाच्या खोल तळातली गोष्ट आहे. खुन्याला बालपणी झालेल्या जखमा आहेत, इन्स्पेक्टरच्या मनात अपराधाची भावना आहे, आणि दोघांचे भूतकाळ एकमेकांना कुठेतरी छेदतात. मलपृष्ठावर तसं लिहिलंच होतं.

"जखमा असतात हो सगळ्यांना," काका शांतपणे म्हणाले. "पण माणूस हात उचलतो तो जागेसाठी. वारस किती?"

मग जे सुरू झालं त्याला आवरणं शक्य नव्हतं. कुर्ल्याचा लोंढा आत आला तरी चर्चा खंडली नाही. रमीवाल्यांनी पत्ते खाली ठेवले. एक म्हणाला पागडीची भानगड असणार. दुसरा म्हणाला, बंदरासमोर म्हणजे सी फेसिंग, नक्की रीडेव्हलपमेंटला गेलेली इमारत आहे आणि म्हातारा सही करत नसणार. मी म्हटलं, नॉर्वेत असं नसतं. त्यावर डब्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी कांजूरमार्गला स्वस्त फ्लॅट आहे असं म्हटलं असतं तरच पाहायला मिळाली असती. आणि बंदराकडे तोंड असलेल्या तीन खोल्यांत एक सरकारी नोकर एकटा राहतो, हे तर कोणालाच पटेना. "वरची कमाई आहे," शीव येता येता निकाल लागला. "म्हणून झोप लागत नाही त्याला."

घरी तरी निवांतपणा असावा, तर आमचं वन बीएचके. हॉलमध्ये मुलाचा अभ्यास आणि आईची मालिका एकाच टेबलाच्या दोन टोकांना चालतात. बेडरूमचा दिवा अकराला बंद होतो. मी एकदा पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसलो. मध्यरात्री, ऐन थरारात, फ्रीजने असा काही हुंदका दिला की माझ्या हातातली बशी पडली. ही उठून आली. "अहो, एवढी भीती वाटते तर वाचता कशाला?" बिनतोड प्रश्न. मग पुस्तक घेऊन बाथरूममध्ये गेलो. तिथे नॉर्वेची शांतता होती, पण पाचव्या मिनिटाला मुलाने दार वाजवलं.

एका रात्री ठरवलं, आपणही जरा त्याच्यासारखं खिडकीशी उभं राहून पाहू. लाईट घालवले, गजांना कपाळ टेकलं, चेहरा गंभीर केला आणि आयुष्यात काय काय निसटलं ते आठवायला लागलो. दहावीच्या बीजगणितापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात समोरच्या विंगमध्ये दिवा लागला आणि कुलकर्णी गॅलरीत येऊन हात हलवू लागले. "काय, झोप नाही का? तुमच्याकडे पण पाणी गेलंय?" मी नाही म्हणालो. त्यांनी त्यांच्या पंपाची कथा सांगितली. तोवर हीही जागी झाली आणि पाठीमागून म्हणाली, "खिडकी लावा, डास येतात." भूतकाळाला आत यायला जागा हवी ना! आमच्याकडे आला तर त्याला कपाटावरच्या बॅगांमध्ये झोपावं लागेल.

पावसाचंही तसंच. बर्गन हे युरोपातलं सर्वांत पावसाळी शहर म्हणून ओळखलं जातं, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडेही आकडा त्याच घरातला आहे. पण ते लोक तो बारा महिने पुरवून वापरतात, आपण चार महिन्यांत उरकतो. 26 जुलै 2005 ला तर सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. कादंबरीत पाऊस भुरभुरतो आणि माणूस विचारात पडतो. इथे पाऊस पडला की विचार एकच, कुर्ल्याला पाणी भरलं का? इन्स्पेक्टर कॉलर वर करून भिजत चालत राहतो, हे वाचताना मी दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं पुस्तक शर्टाच्या आत धरून दादरच्या पुलाखाली उभा होतो. कॉलर वर करायला तिसरा हात नव्हता.

पुस्तकाला आधीच्या वाचकांनीही मोकळं सोडलं नव्हतं. मध्यावर एका डॉक्टरची एंट्री होते. तिथे समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा खुनी नाही. उगाच वेळ घालवू नये.' खाली निळ्या शाईत, 'कशावरून?' त्याखाली पुन्हा पेन्सिल, 'पुढे कळेल.' त्याखाली तिसरंच हस्ताक्षर, गोल गोल, 'वाचनालयाची पुस्तके खराब करू नयेत.' हे मात्र पक्क्या लाल पेनने. पुढे जिथे जिथे तो डॉक्टर येतो तिथे निळी शाई एक प्रश्नचिन्ह काढते आणि पेन्सिल एक फुली मारते. मूळ कादंबरीपेक्षा मला हे भांडण जास्त रंगलं. इन्स्पेक्टर मुलीच्या फोनवर तिसऱ्यांदा संदेश ठेवतो तिथे शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केलेली होती आणि बाजूला, 'हिने उचलायला हवा होता.' ही लाल पेनवाली बाईच असणार, अशी माझी खात्री आहे.

शेवट मी दिवा-बत्ती, आई, कुलकर्णी सगळ्यांना चुकवून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उरकला. म्हाताऱ्याला पुतण्याने मारलं होतं. बालपणीच्या जखमा होत्याच, त्यावर तीस पानं खर्ची पडलेली. पण सगळं उलगडून झाल्यावर पुतण्या कबुलीत सांगतो, की काकाने ते बंदरावरचं लाकडी घर विकायला नकार दिला होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत हे सांगणं भाग होतं. नाहूरच्या पुढे मी तोंड उघडलं. सावंतांनी दोन्ही हात कपाळाला लावले. रमीवाल्यांनी दळवीकाकांची पाठ थोपटली. मला वाटलं, काका आता छाती काढून काहीतरी ऐकवतील. पण ते गंभीरच होते.

"पुतण्या तुरुंगात गेला ना?"

"गेला."

"आणि म्हाताऱ्याला मूलबाळ नाही. मग जागा आता कोणाकडे?"

मी पिशवीतून पुस्तक काढून उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण पुन्हा चाळलं. इन्स्पेक्टर बंदरावर उभा आहे, पाऊस भुरभुरतोय, मुलीचा फोन येतो, तो उचलत नाही. घराबद्दल लेखकाने एक अक्षर लिहिलेलं नाही. तसं सांगितलं.

"म्हणजे तपास अर्धवट," काका म्हणाले, आणि घाटकोपरला उतरणाऱ्यांना वाट द्यायला आत सरकले.