नटभोवती रंग मुद्दामच लावला नाही: चार अलॉय चाकांच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

गाडीच्या चार अलॉय चाकांना आम्ही पावडर कोटिंग केलं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ती भट्टीत वितळवून बसवली. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की चार दिवस सांगून आठ लावले, 1,400 रुपये जास्त घेतले, एका चाकाच्या रंगात बारीक भोकं आहेत आणि नटभोवती रंग न लावून आम्ही कंजूषी केली. वर हेही की, मराठी माणसाचं दुकान म्हणून इंदूरच्या राजेंद्र नगरहून पार सांवेर रोडला आलो.

भोकांची चूक आमची आहे. अलॉय ओतीव असतं, त्याच्या बारीक छिद्रांत हवा आणि जुनं तेल अडकलेलं असतं. म्हणून पावडर न मारलेलं चाक आधी भट्टीत चांगलं तापवून ते सगळं बाहेर काढायचं, मगच पावडर मारायची. नाहीतर वितळत्या पावडरमधून बुडबुडे वर येतात. तुमच्या चौथ्या चाकाच्या वेळी ग्रिलचा माल भट्टीसाठी थांबला होता आणि आमच्या पोराने हे तापवणं अर्ध्यावर आटोपलं. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही. ते चाक फुकट करून देतो, टायर काढण्या-घालण्याचा आणि बॅलन्सिंगचा खर्चही आमचा.

नटभोवती मात्र रंग लागणार नाही. नट जिथे टेकतो ती जागा आणि हबला, म्हणजे चाक गाडीला जिथे बसतं त्या भागाला, चिकटणारी मागची बाजू आम्ही टेप आणि प्लग लावून झाकतो. पावडरचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा, दिसायला काहीच नाही, पण नटखाली तो दबतो, झिजतो आणि आवळलेला नट सैल पडतो. तुम्ही मुंबईच्या रस्त्याने भेरू घाट उतरता, तिथे असला प्रयोग नको. डबीतला रंग आणून ती जागा भरूही नका. आणि 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने नट आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासायला सांगितलं होतं, ते राहिलं असेल तर आजच करा.

आता जास्तीचे चार दिवस आणि पैसे. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहून गेली. चारपैकी दोन चाकांवर तुमच्या मेहुण्यांनी घरी पावडर मारली होती आणि ओटीजीत (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) चाक मावेना म्हणून हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, तापवली होती. पावडर वितळली, चमकली, पण शिजली नाही. धातूच सुमारे 180 ते 200 अंशांवर पोचून 10 ते 20 मिनिटं तिथे राहावा लागतो, पावडरप्रमाणे थोडं कमी-जास्त. हीट गन एका जागी धरली की ॲल्युमिनियम ती उष्णता लगेच दुसरीकडे पळवतं. तुमच्यासमोरच थिनरचा बोळा घासला होता, सगळा काळा रंग कापडावर उतरला. असल्या थरावर नवा थर टिकत नाही. म्हणून तो आधी केमिकलने सोडवला, मग ब्लास्टिंग केलं, म्हणजे बारीक खडीच्या जोरदार माऱ्याने धातू घासून घेतला. 1,400 रुपये त्याचे आहेत आणि ते मी परत करणार नाही. फोनवर सांगितलं होतं, पण लिहून दिलं नाही, वाढलेले दिवसही तुम्हालाच फोन करून विचारावे लागले. आता अशा कामाला आधी व्हॉट्सॲपवर रक्कम आणि तारीख लिहून पाठवतो.

मेहुण्यांवर माझा राग नाही. ब्रॅकेट, सेंटर कॅप असल्या छोट्या वस्तूंवर घरी हात बसवायला हरकत नाही, पण त्या ओटीजीत पुन्हा पोळी-नानकटाई करू नका, मास्क लावा, वस्तूला अर्थिंग नीट करा (पावडर विजेच्या भाराने चिकटते) आणि उडत्या पावडरजवळ ज्योत नको, हवेत दाटलेली पावडर भडकते. चाकं तेवढी राहू द्या.

मराठी माणूस म्हणून आलात, बरं वाटलं. पण पावडरला अर्थिंग मिळालं की पुरतं, मालकाचं आडनाव ती विचारत नाही. तेव्हा कामावरूनच बोला, यापुढेही.

चाक आणाल त्याच्या आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे भट्टी त्या दिवशी दुसऱ्या मालाला देणार नाही. तापवण्याच्या वेळी मी स्वतः उभा राहीन.