तो फोटो 1913 चा नव्हे

सध्या एक फोटो फिरतोय: नऊवारीतली, करारी चेहऱ्याची तारामती, खाली ओळ, ‘राजा हरिश्चंद्र, 1913. भारताची पहिली नायिका दुर्गा खोटे.’ आमच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, म्हणून हा खुलासा.

दुर्गाबाईंचा जन्म 1905 चा. म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा हा पहिला भारतीय चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. आठ वर्षांची तारामती, आणि तिला रोहिदास नावाचा मुलगा!

घोळ कथेमुळे झालाय. हरिश्चंद्राचीच गोष्ट ‘प्रभात’ फिल्म कंपनीने 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली. दिग्दर्शन शांतारामबापूंचं (व्ही. शांताराम), हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. हा पहिला मराठी बोलपट. त्यामुळे दोन ‘पहिले’ एकमेकांत मिसळले.

मग 1913 ची तारामती कोण? अण्णा साळुंके. बाप्या माणूस. सिनेमात काम करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके फाळक्यांना सापडले. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. हे मला त्या फोटोपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

पडद्यावर बाई आली ती फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये: दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. म्हणजे पहिल्या नायिकांमध्ये एक ‘दुर्गाबाई’ आहेत खऱ्या, पण त्या कामत.