‘-एन’ विसरू नये
आपल्या लेखात टीसीपीडम्प ही नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारी आज्ञा वापरून पोर्ट ५३ वरची, म्हणजे डीएनएसची (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची), यूडीपी या पद्धतीने होणारी वाहतूक पाहण्याची कृती दिली आहे, ती उपयुक्त आहे. मात्र तिच्यात ‘-एन’ हा पर्याय राहून गेला आहे. तो न दिल्यास टीसीपीडम्प दिसणाऱ्या आयपी पत्त्यांची नावे शोधण्यासाठी स्वतःच डीएनएसकडे विचारणा करतो आणि आपण मोजायला बसलेल्या गर्दीत आपलीच भर पडते. कोल्हापुरात उद्यमनगरातील आमच्या कारखान्याच्या कार्यालयात मी अर्धी दुपार ‘इन-ॲडर डॉट अर्पा’ने संपणाऱ्या उलट्या (पत्त्यावरून नाव विचारणाऱ्या) चौकशांमागे घालवली, त्या माझ्याच लॅपटॉपच्या निघाल्या. शिवाय डीएनएसची मोठी उत्तरे टीसीपी या दुसऱ्या पद्धतीनेही येत असल्याने, कोणती वाहतूक दाखवायची ते ठरवणाऱ्या गाळणीत ‘यूडीपी’ न लिहिता केवळ ‘पोर्ट ५३’ लिहावे. ब्राउझर एचटीटीपीएसवरून (सुरक्षित वेब जोडणीवरून) डीएनएस वापरत असेल, तर चौकशी पोर्ट ४४३ वरून जाते आणि येथे तिचा मागमूसही दिसत नाही.